टेम्पो ट्रॅव्हलरमधील बॅटरी आणि चार्जिंग बदलतानाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला गेलो असताना तिसऱ्या रात्री साडेतीनच्या सुमारास गाडीतील इन्व्हर्टर बंद पडला आणि त्याबरोबर बाबांचे श्वासाचे यंत्रही थांबले. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारामुळे ते गेली चार वर्षे रात्री सीपॅप लावून झोपतात. मास्क काढून ते उठून बसले आणि उरलेली रात्र त्यांनी पुढच्या सीटवर टेकून काढली. सकाळी बॅटरी ११.४ व्होल्ट दाखवत होती. हे काम मी त्या रात्रीमुळे हाती घेतले आहे, आणि अशीच गाडी बाळगणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून रोजच्या नोंदी ठेवत आहे.

गाडी २०१६ सालची असून २०२१ मध्ये एका गॅरेजकडून ती राहण्याजोगी करून घेतली. त्या वेळी सीटखालच्या कप्प्यात प्रत्येकी १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या समांतर जोडून बसवल्या होत्या. घरात वापरतात तसा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, छतावर ३३५ वॉटचे दोन सोलर पॅनेल, त्यांची वीज बॅटरीत सोडणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, आणि इंजिन चालू झाल्यावर सेल्फची बॅटरी या बॅटऱ्यांना जोडून देणारा रिले, एवढी बाकीची व्यवस्था. कागदावर ती पुरेशी दिसते.

आज दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढल्या. त्यांची बुचे उघडण्यासाठी आधी सीटचे चार बोल्ट काढावे लागतात, त्यामुळे दोन वर्षांत डिस्टिल्ड वॉटर दोनदाच घातले गेले, आणि ही चूक माझी आहे. रात्रभर चार्जिंगला लावूनही हायड्रोमीटरवर (हा ॲसिडची घनता मोजतो; आकडा कमी तितका कप्पा रिकामा) पहिलीचे कप्पे १.२२० ते १.२३० दाखवतात, दुसरीचे पाच कप्पे १.१८०च्या आसपास आहेत आणि सहावा १.०९० वर अडकला आहे. त्याच्या प्लेटा पाण्याच्या वर उघड्या पडल्या होत्या. समांतर जोडणीत अशी मेलेल्या कप्प्याची बॅटरी शेजारच्या चांगल्या बॅटरीलाही रात्रभर रिकामी करत राहते.

१९ नोव्हेंबर, रविवार

नवीन काही विकत घेण्याआधी खर्च होणारी वीज मोजली. फ्रिजचा कॉम्प्रेसर ४५ वॉटचा असून तो साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ५४० वॉट-अवर. सीपॅप आठ तासांत ३२० घेते. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि मोबाईल मिळून १५०. इंडक्शन शेगडी १,२०० वॉटवर चाळीस मिनिटे चालवायची आहे, आणि इन्व्हर्टरमधली घट धरली की त्यासाठी ९०० धरावे लागतात. एकूण सुमारे १,९०० वॉट-अवर, म्हणजे १२ व्होल्टवर दीडशेच्या पुढे अँपिअर-अवर. ट्यूब्युलर बॅटरी अर्ध्याखाली नेऊ नये असा नियम धरला तर नव्याकोऱ्या जोडीतूनही याहून जास्त मिळत नाही. शेगडीसारख्या मोठ्या भाराखाली लेड-ॲसिडची क्षमता आणखी घटते, ते वेगळेच.

सीपॅपसाठी रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवणे ही दुसरी गळती निघाली. त्यावर काहीही लावलेले नसताना क्लॅम्प मीटर १.८ अँपिअर दाखवतो, म्हणजे आठ तासांत चौदा अँपिअर-अवर नुसते इन्व्हर्टर जागा ठेवण्यात जातात. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा १२ व्होल्टवर चालणारा अडॅप्टर आजच मागवला.

मग अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची, बाजू पाहिली. इंजिन चालू असताना सेल्फच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि मागच्या बॅटरीवर १३.२ व्होल्ट मिळत होते, आणि त्या वेळी केबलमधून २२ अँपिअर वाहत होते. पॉझिटिव्ह केबल १६ चौरस मिलिमीटरची आणि सहा मीटर लांब आहे. तांब्याचा रोध धरून हिशेब केला तर तिच्यात ०.१४ व्होल्टच पडायला हवेत. उरलेले पाऊण व्होल्ट कुठे जातात हे मला कळेना.

बाबांनी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बत्तीस वर्षे काम केले आहे. ते खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. त्यांनी विचारले, "मायनस कुठून आणलाय?" मायनस चासीवरून आणला होता आणि चासीला तो एका बोल्टने जोडला होता. मीटरची एक सुई बोल्टच्या डोक्यावर आणि दुसरी शेजारच्या खरवडलेल्या लोखंडावर टेकवली, तेव्हा त्या एका बोल्टवर ०.५३ व्होल्ट पडत असल्याचे दिसले. थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे कडे) रंगावरच आवळले होते आणि खाली गंजाची पुडी जमली होती. पॉलिश पेपरने जागा लखलखीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. आता तिथे ०.०२ व्होल्ट पडतात. दोन वर्षे आमची गाडी धावताना बॅटरी नीट भरत नव्हती त्याचे मोठे कारण हे होते, आणि ते दूर करायला चाळीस मिनिटे लागली.

२५ नोव्हेंबर

सोलरचे कोडेही सुटले. छतावरचे पॅनेल ७२ सेलचे आहेत, म्हणजे ते साधारण ३७ व्होल्टवर पूर्ण शक्ती देतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर मात्र पॅनेलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून ठेवतो. करंट नऊ अँपिअरच राहतो आणि व्होल्टेज ३७ वरून १३ वर येते. भर उन्हात दोन पॅनेल मिळून २३० वॉटच्या वर कधीच गेले नाहीत ते यामुळे. पॅनेल चांगले आहेत. त्यांना एमपीपीटी कंट्रोलर हवा, म्हणजे पॅनेलला पूर्ण शक्तीच्या व्होल्टेजवर ठेवून ती वीज बॅटरीच्या व्होल्टेजला उतरवून देणारा.

नवीन ट्यूब्युलर घ्यायच्या की लिथियम, यावर घरात दोन दिवस बोलणे झाले. माझ्या पतींचे म्हणणे होते की ओळखीच्या तंत्रज्ञानावर राहावे, कारण कोकणात कुठेही दुरुस्ती होते. ते चुकीचे नाही. तरीही तीन गोष्टींनी निर्णय दुसऱ्या बाजूला गेला: जुन्या जोडीचे वजन ११० किलो आहे आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार मोठे सेल बावीस किलोत येतात, तेवढ्या सेलमधून २८० पैकी सव्वादोनशे अँपिअर-अवर निर्धास्तपणे वापरता येतात, आणि बाबा ज्या जागेच्या वर झोपतात तिथे ॲसिडच्या वाफा व हायड्रोजन सोडणारी बॅटरी मला यापुढे ठेवायची नाही. चार सेल मागवले, प्रत्येकी ८,९०० रुपये.

२ डिसेंबर

सेल आले. चौघांचे व्होल्टेज ३.२९४ ते ३.२९६ आहे. यावरून ते सारखेच भरलेले आहेत असा निष्कर्ष काढू नये. या रसायनाचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असते, त्यामुळे चाळीस टक्के आणि साठ टक्के यांतला फरक मीटरवर दिसत नाही. शंट (बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजत राहणारे उपकरण) लागतो तो याचसाठी.

संध्याकाळी चारही सेल समांतर जोडले आणि टेबलावरच्या दहा अँपिअरच्या पॉवर सप्लायवर ३.६५ व्होल्ट लावून ठेवले. चौघे एकाच पातळीला भरून घेतले म्हणजे पुढे बीएमएसला (सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास वीज तोडणाऱ्या सर्किटला) तोल सांभाळणे सोपे जाते.

७ डिसेंबर

इथे माझे पाच दिवस गेले. चार सेल समांतर म्हणजे १,१२० अँपिअर-अवर होतात. ते चाळीस टक्क्यांवर होते असे मानले तरी सुमारे पावणेसातशे अँपिअर-अवर भरायचे उरतात, आणि दहा अँपिअरने त्याला सदुसष्ट तास लागतात. हा हिशेब मी सुरू करण्याआधी करायला हवा होता. त्यात पॉवर सप्लायबरोबर आलेल्या वायरी बारीक आहेत. सप्लायच्या पडद्यावर ३.६५ दिसत असताना सेलवर ३.३४ च होते, आणि त्यामुळे करंट चार अँपिअरवर उतरला होता. तो वाढवण्यासाठी सप्लायचे व्होल्टेज वर नेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण शेवटच्या टप्प्यात करंट कमी झाला की वायरीतली घट नाहीशी होते आणि सगळे वाढवलेले व्होल्टेज सेलवर येते. चौथ्या दिवशी जोडणी सोडली, चारही सेल एकापुढे एक जोडले, बीएमएस लावून १४ व्होल्टवर वीस अँपिअरच्या चार्जरने नऊ तासांत जवळजवळ पूर्ण भरले आणि मगच पुन्हा समांतर करून ३.६५ वर नेले. अखेरचा टप्पा चार तासांत आटोपला. हाच क्रम सुरुवातीला ठेवला असता तर काम दीड दिवसात झाले असते.

९ डिसेंबर

भोसरीत १८ मिलिमीटर प्लायची पेटी आणि चार आटेदार सळ्या करून घेतल्या. सेलचे बाहेरचे ॲल्युमिनिअमचे कवच विजेच्या दृष्टीने सुटे नसते आणि त्यावर फक्त एक निळी पातळ फिल्म असते. उभ्या घरात ती पुरते, परंतु ताम्हिणी घाटाच्या खड्ड्यांत दोन सेल एकमेकांवर घासले तर ती फाटणारच. म्हणून प्रत्येक दोन सेलच्या मध्ये इपॉक्सीचा पातळ पत्रा ठेवला. सेलबरोबर आलेल्या तांब्याच्या ताठ पट्ट्याही वापरल्या नाहीत. गाडी हादरली की ताठ पट्टी सगळा ताण टर्मिनलवर टाकते. त्याऐवजी विणलेल्या तांब्याच्या लवचीक पट्ट्या घेतल्या.

१० डिसेंबर

सकाळभर पुण्यातल्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, होते. ५० चौरस मिलिमीटरची केबल, थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह आणि फ्यूज घेतले. दुकानातल्या मुलाने तत्परतेने दोन थिंबल हातोडीने ठोकून बसवून दिले. घरी आल्यावर एक व्हाइसमध्ये धरून केबल ओढली तर ती हातात निघून आली. दुसरे करवतीने मधोमध कापले. तांब्याच्या तारा एका बाजूला चपट्या झाल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला तारांमधून उजेड दिसेल एवढी पोकळी होती. १०० अँपिअर जायचे ते अशा जोडातून! त्यानंतर हायड्रॉलिक क्रिंपिंगचे यंत्र तीन दिवसांसाठी भाड्याने आणले. त्याच्या साच्यावर '५०' लिहिले असले तरी आपल्या थिंबलची जाडी वेगळी असू शकते. माझ्या थिंबलना ३५ चा साचा नीट बसला. प्रत्येक मापाचे एक थिंबल कापून पाहिल्यावरच बाकीची केली. नीट दाबलेल्या थिंबलमध्ये तारा वेगळ्या ओळखू येत नाहीत, कापलेला भाग भरीव तांब्यासारखा दिसतो.

फ्यूजबाबत एक खर्च वाढला. आधी साधा २०० अँपिअरचा एएनएल फ्यूज आणला होता. या सेलचा अंतर्गत रोध पाव मिलिओमच्या आसपास असतो, त्यामुळे शॉर्ट झाल्यास काही हजार अँपिअर वाहू शकतात आणि तेवढ्या करंटला स्वस्त फ्यूज वितळूनही आतली ठिणगी चालूच राहण्याचा धोका असतो. म्हणून मुख्य जागी एवढा करंटही खात्रीने तोडणारा क्लास टी फ्यूज घेतला आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पाच इंचांवर बसवला. त्यासाठी आठ दिवस थांबावे लागले.

१७ डिसेंबर

२,००० वॉटचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर जोडताना केबल टेकताच मोठी ठिणगी उडाली आणि बीएमएसने सगळी वीज तोडली. तिला पुन्हा चालू केले तर पुन्हा तेच. बीएमएस खराब आली असे समजून मी दोन तास तिचे कागद वाचत बसले. कारण सरळ होते: इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, ते रिकामे असताना क्षणभर शॉर्टसारखा करंट ओढतात, आणि बीएमएस आपले काम चोख बजावत होती. उपाय म्हणून हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा दिवा पॉझिटिव्हच्या वाटेत धरला. तो उजळला, दोन सेकंदांत मंद होऊन विझला, आणि मग केबल टेकवली तर ठिणगी नाही. आता मुख्य स्विचला समांतर एक दाबायचे बटण आणि रोधक कायमचा बसवला आहे.

२३ डिसेंबर

एमपीपीटीसाठी मी १०० व्होल्टपर्यंत चालणारा कंट्रोलर आणला होता. दोन पॅनेल एकापुढे एक जोडायचे असे ठरले होते आणि प्रत्येकाच्या मागच्या पट्टीवर बिनभाराचे व्होल्टेज ४६.१ लिहिले आहे. बेरीज ९२.२ येते, म्हणजे बसायला हवे असे मला वाटले. परंतु पट्टीवरचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो आणि पॅनेल थंड झाले की व्होल्टेज वाढते. या पॅनेलला दर अंशामागे ०.३१ टक्के. डिसेंबरात महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो. पॅनेल दोन अंशांवर असताना त्यांच्यावर पहिले ऊन पडले तर बेरीज ९८.८ होते. सव्वा व्होल्टच्या फरकावर कंट्रोलरचा जीव टांगून ठेवणे मला पटले नाही. खोके उघडले नव्हते म्हणून दुकानदाराने बदलून १५० व्होल्टचा दिला.

बसवल्यावर दुपारी साडेबाराला ४९० वॉट मिळाले. पूर्वी याच उन्हात २३० मिळत होते. पार्किंगमधल्या गुलमोहराची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर आली की मात्र आकडा अर्ध्यावर येतो.

पॅनेलच्या वाटेत गॅरेजने घरगुती वापराचा एसी एमसीबी लावला होता, तो काढून टाकला. डीसी करंट एसीसारखा दर क्षणाला शून्यावर येत नाही, त्यामुळे असा एमसीबी भाराखाली उघडला तर आतली ठिणगी विझत नाही. डीसीसाठीचा नवीन लावताना त्यावरच्या अधिक-उणे खुणा पाहून लावला.

३१ डिसेंबर

आता अल्टरनेटरची बाजू घेतली. डीसी-डीसी चार्जर येईपर्यंत जुन्या रिलेवरून लिथियमला थेट जोडले तर काय होते ते एकदाच, मीटर हातात धरून, पाहिले. लेड-ॲसिड भरत आली की स्वतःच करंट कमी घेते. लिथियम शेवटपर्यंत देईल तेवढा घेते. इंजिन उभ्या जागी संथ चालू असताना ७८ अँपिअर वाहू लागले आणि बारा मिनिटांत अल्टरनेटरचे कवच १०५ अंशांवर गेले, कारण संथ गतीत त्याचा स्वतःचा पंखाही संथ फिरतो. इंजिन ताबडतोब बंद केले. रिले काढून ठेवला आहे आणि तो परत लागणार नाही.

१३ जानेवारी २०२४

३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. तो सेल्फच्या बॅटरीकडून मोजून तीस घेतो आणि पुढे लिथियमला योग्य व्होल्टेज देतो. शिवाय बीएमएसने मध्येच वीज तोडली तरी अल्टरनेटरला झटका बसत नाही. त्याला २५ चौरस मिलिमीटरची केबल ओढली, आणि या वेळी मायनसही चासीवर न सोडता केबलनेच पुढेपर्यंत नेला.

१५ जानेवारी

संक्रांतीला तुळापूरला जायचे होते आणि गाडीला सेल्फच लागेना. चार्जरला 'इंजिन चालू आहे' हे कळवणारी वायर मी डॅशबोर्डच्या मागून घेतली होती. ती किल्ली काढल्यावरही चालूच राहते हे तपासले नव्हते. चार्जर रात्रभर सेल्फच्या बॅटरीतून लिथियम भरत राहिला आणि त्याची खालची मर्यादा ११.५ व्होल्टला ठेवलेली असल्यामुळे बॅटरी निपचित पडेपर्यंत थांबला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावला. किल्ली फिरवल्यावरच वीज येणारी वायर फ्यूज बॉक्समध्ये शोधून तिथून जोडले आणि मर्यादा १२.६ वर नेली. किल्ली काढून मीटरने शून्य व्होल्ट दिसल्याखेरीज ही वायर कोणीही जोडू नये.

२८ जानेवारी

प्रजासत्ताक दिनाला लागून आलेल्या तीन दिवसांत दापोलीला जाऊन आलो. यातली नोंद लांबणार आहे, कारण इथे मी सर्वांत मोठी चूक केली.

पहिल्या संध्याकाळी शेगडीवर भात लावला. ११२ अँपिअर वाहत होते. मोबाईलवर बीएमएसचे आकडे पाहिले तर तीन सेल ३.१७ व्होल्टवर आणि तिसऱ्या क्रमांकाचा सेल ३.०६ वर. दुसऱ्या दिवशी उन्हात चार्जिंग चालू असताना तोच सेल बाकीच्यांपेक्षा वर दिसू लागला आणि त्याने ३.६५ गाठताच बीएमएसने चार्जिंग थांबवले. बाकीचे तीन तेव्हा ३.६१ वर होते. वापरताना सर्वांत खाली आणि भरताना सर्वांत वर, म्हणजे या सेलची क्षमताच कमी आहे असे मी ठरवून टाकले. तिथेच बसून पाचवा सेल मागवला आणि पुरवठादाराला तक्रारीचा निरोपही पाठवला.

रात्री बाबांना आकडे दाखवले. त्यांनी शेगडी पुन्हा दहा मिनिटे चालू ठेवायला सांगितली, मग बंद करायला लावून पेटीचे झाकण उघडले आणि हाताची मागची बाजू एकेका नटावर टेकवत गेले. तिसऱ्या सेलच्या पॉझिटिव्हवर त्यांनी हात झटकन मागे घेतला. "अगं, सेलला दोष द्यायच्या आधी नट बघ," एवढेच ते म्हणाले.

आकडे मला सगळे सांगतच होते, मी ते वाचले नाहीत. क्षमता कमी असलेला सेल फक्त दोन टोकांना, म्हणजे अगदी रिकामा किंवा अगदी भरलेला असताना, इतरांपासून फुटून वेगळा होतो. माझा सेल अर्धा भरलेला असतानाही वेगळा दिसत होता, शेगडी चालू होताच त्याच क्षणी खाली जात होता आणि बंद करताच बाकीच्यांच्या बरोबरीला येत होता. करंटच्या प्रमाणात वाढणारा आणि करंटबरोबर नाहीसा होणारा फरक हा रोधाचा असतो. ०.११ व्होल्ट भागिले ११२ अँपिअर म्हणजे एक मिलिओम, आणि तेवढ्या जोडात बारा वॉट उष्णता. हाताला चटका बसला तो तिचा.

नट उघडल्यावर कारण दिसले. बीएमएसच्या बारीक वायरीचे छोटे कडे मी त्या एका टर्मिनलवर पट्टीच्या खाली घातले होते. लवचीक पट्टी टर्मिनलवर सपाट बसण्याऐवजी त्या कड्यावर तिरकी टेकली होती आणि शंभरावर अँपिअर त्या नखाएवढ्या जागेतून जात होते. कड्याच्या कडेला तांबे जांभळट झाले होते. टर्मिनल स्पिरिटने पुसले, आधी पट्टी, तिच्यावर कडे, मग वॉशर आणि नट असा क्रम लावला. घरी आल्यावर टॉर्क रेंचने सगळे नट पुरवठादाराने सांगितलेल्या ४ न्यूटन-मीटरला आवळले. आता ११२ अँपिअरला चारही सेल ०.०१ व्होल्टच्या आत राहतात. पुरवठादाराला चूक माझी असल्याचे कळवून क्षमा मागितली. पाचवा सेल निघून गेलेला होता, तो आता घरी पडून आहे.

याच मुक्कामात एका निवासाच्या आवारात बाहेरच्या विजेवर चार्जर लावला आणि गाडीत चढताना दाराच्या दांडीला हात लागताच मुंग्या आल्या. जमिनीत सळई ठोकून मोजले तर गाडीची बॉडी आणि जमीन यांच्यात १०४ व्होल्ट. तिथल्या सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन नुसती शोभेला होती. चार्जरच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या बॉडीवर मुख्य विजेच्या साधारण निम्मे व्होल्टेज चढते. करंट फार थोडा असतो, पण बाबा अनवाणी ओल्या गवतावरून चढतात. लगेच प्लग काढला.

१० फेब्रुवारी

बाहेरच्या विजेच्या वाटेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला. सॉकेट तपासायचे तीन दिव्यांचे टेस्टर आता केबलच्याच पिशवीत असते. फेज-न्यूट्रल उलटे असले किंवा अर्थिंगचा दिवा लागला नाही, तर तिथे गाडी जोडायची नाही असे घरात ठरले आहे. सोलर आणि अल्टरनेटर मिळून इतके येते की हे आता परवडते.

चार्जिंगच्या मर्यादाही शेवटच्या ठरवल्या: वरची १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यानंतर टिकवून ठेवायचे व्होल्टेज) १३.४, आणि बीएमएसचा तोल सेलमागे ३.४५ च्या वर. १४.६ पर्यंत भरून फार थोडी जास्त क्षमता मिळते आणि त्यासाठी सेलवर ताण टाकावासा वाटत नाही.

२४ फेब्रुवारी

एकूण खर्च. पाच सेल ४४,५००, बीएमएस ९,८००, डीसी-डीसी चार्जर २१,५००, एमपीपीटी २४,०००, इन्व्हर्टर १९,५००, केबल, थिंबल, पट्ट्या आणि फ्यूज १४,३००, शंट ३,२००, पेटी २,९००, आरसीसीबी आणि एमसीबी ४,१००. बेरीज १,४३,८०० रुपये. जुन्या बॅटऱ्या भंगारात ११,००० ला गेल्या, म्हणजे हातचे १,३२,८०० लागले. त्यात न लागणाऱ्या पाचव्या सेलचे ८,९०० आहेत. सुट्टीचे एकूण एकवीस दिवस लागले. त्यांतले आठ तरी टाळता आले असते.

वेळणेश्वरला तीन रात्री राहून परवा आलो. पहिल्या रात्री जेवण, फ्रिज आणि सीपॅप धरून सकाळी सहाला शंट ६८ टक्के दाखवत होता. दुपारी दोनपर्यंत तो ९७ वर गेला. दुसरा दिवस माडांच्या सावलीत गेला, तेव्हा संध्याकाळपर्यंत ७९ च झाले. तिसऱ्या सकाळी ५१ टक्के होते. निघताना मुद्दाम बॅटरीची पेटी उघडून, शेगडी दहा मिनिटे चालवून, बाबांनी सगळ्या नटांवर हात फिरवला. कुठेच ऊब नव्हती. सीपॅपच्या कार्डावर तिन्ही रात्रींची नोंद सलग आहे, सात तासांच्या वर.

राहिलेली कामे दोन: पावसाळ्याआधी, मेअखेरीस, चासीचे आणि पेटीतले सगळे जोड पुन्हा भाराखाली मोजायचे आहेत, आणि सेल्फची बॅटरी आता सहा वर्षांची झाली आहे, तिचे काय ते पाहायचे आहे.